अभिरावरचा राग सुनेवर निघाला, आता काय करू?

पारोळा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून गावाचंही नाव टाकत नाही. सगळं द्यायला जागा नाही, मुख्य मजकूर त्यांच्याच शब्दांत देते:

"मी ५८ वर्षांची. ये रिश्ता क्या कहलाता है ही मालिका २००९ ला सुरू झाली तेव्हापासून बघते. रात्री साडेनऊला मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना हिंदी येत नव्हतं, आयुष्यभर अहिराणीच बोलल्या. टीव्हीत कोणी बोललं की विचारायच्या, काय म्हनी ऱ्हायनी व ती, म्हणजे काय म्हणतेय ग ती? मग मी सांगायची. हातात कापूस असायचा, फुलवाती वळायच्या. जाहिरात लागली की वाती, मालिका लागली की हात थांबायचा. एरवी आमचं दिवसभर फार बोलणं नव्हतं, पण तो अर्धा तास आमचा होता. २०२१ च्या उन्हाळ्यात त्या गेल्या. वातींचा डबा अजून फळीवर आहे, मी त्यातली एक पण लावली नाही.

२०२३ ला तुळशीचं लग्न झाल्यावर मुलाचं लग्न केलं. सून धुळ्याची, बीकॉम झालेली. त्याच दिवसांत मालिकेत ही चौथ्या पिढीची नायिका, अभिरा आली. आम्ही दोघी बघायला बसायचो, पण मला ही नवी पिढी पटलीच नाही. दादीसासमोर, म्हणजे नवऱ्याच्या आजीसमोर, फाडफाड बोलते. सून म्हणायची, आई, तुमची ती पहिली नायिका अक्षरा नुसती सोसायची, ही निदान विचारते तरी. मी गप्प बसायची पण मनात राहायचं.

या कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, सगळी भावकी घरी होती, रोटांचा, त्या सणाच्या नैवेद्याचा, स्वयंपाक चाललेला. मी सुनेला म्हटलं पुरण अजून आटव. ती म्हणाली आटलंय आई, आणखी कोरडं झालं तर खापरावर टाकताना मांडा फाटेल. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सगळ्या जावा-नणंदांसमोर, की ही आमच्या घरची अभिरा बरं का, मोठ्यांचं ऐकायचं नाही नुसतं तोंड चालवायचं. सगळ्या हसल्या. ती नाही हसली. तेव्हापासून साडेनऊ वाजले की मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जाते, कानात घालून बघते. मी बाहेर एकटी. कामाला कुठे कमी नाही, शब्दाला कमी नाही, पण बसत नाही. आता तुम्ही सांगा, ही नवी पिढी खरंच वाईट आहे की मीच म्हातारी झाली? बघणंच सोडून देऊ का?"

ताई,

पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वातींच्या डब्यापाशी थांबले, त्यावर येतेच. पण तुम्ही प्रश्न मालिकेवरून विचारलाय तर आधी मालिकेचंच बोलू, कारण टीव्हीवरची गोष्ट म्हणून सोडून द्यायचं हे मला मान्य नाही, जी गोष्ट घरात सतरा वर्षं होत आली रोज रात्री लागते, जिचे चार हजारांवर भाग झालेत, ती घरातलीच झालेली असते.

मी पण पहिल्यापासूनची. १२ जानेवारी २००९ ला सुरू झाली तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंगचा कहर होता, तुम्हाला आठवत असेलच, ऐन साडेनऊला लाइट गेली की जीव नुसता वरखाली व्हायचा आणि मग दुसऱ्या दिवशी रिपीट लागायचं तेव्हा हातातलं काम टाकून बसायचं. त्या वेळी अक्षरा आणि नैतिक आवडायचं कारण माझ्या मते एकच होतं, ते आपल्यासारखे होते. ठरवून केलेलं लग्न, एकमेकांना धड ओळखत नाहीत, आणि लग्न झाल्यावर हळूहळू ओळख होते, मग जीव लागतो. आपल्या पिढीतल्या कितीजणींचं असंच झालेलं, एकदा बघायला आले, चहा दिला, मान वर करून बघितलं पण नाही नीट, की लगेच हळद. उदयपूरचे श्रीमंत मारवाडी असले तरी अक्षराची धाकधूक आपल्या ओळखीची होती, सासरी पहिल्या दिवसांत कोणाशी किती बोलायचं, कुठे गप्प बसायचं, माहेरची आठवण आली तर कोणत्या कोपऱ्यात जाऊन रडायचं. हिना खान तेव्हा विशी-एकविशीची पोर होती आणि तिने ती धाकधूक अशी दाखवली की आपल्याला वाटायचं हिला कोणीतरी सांगितलंय आपल्या घरचं.

आता अभिरा. माझं मत विचारलंत तर सरळ सांगते, पोर वाईट नाहीये. मला आवडते ती.

तुम्ही तिची सुरुवात आठवा. मसुरीत आई आणि लेक दोघीच राहतात, मागेपुढे कोणी नाही. आई डोळ्यांदेखत जाते, आणि जाताना अरमानकडून शब्द घेते की माझ्या लेकीशी लग्न कर. म्हणजे ज्या दिवशी आई गेली त्याच दिवसांत हिचं लग्न, तेही शब्दाखातर, ज्याच्या मनात दुसरीच आहे अशा माणसाशी, आणि ती दुसरी, रूही, त्याच पोद्दारांच्या घरात त्याच्या भावाची बायको म्हणून वावरतेय. अशा घरात ती दादीसासमोर बोलते. बोलेल नाही तर काय करेल? तुमच्या पहिल्या अक्षराच्या पाठीशी अख्खं माहेर होतं, आई-वडील, आजी-आजोबा, तिला कमी-जास्त बोललं तर माहेश्वरींच्या घरात कोणाच्या तरी डोळ्यात पाणी यायचं. हिच्यासाठी कोणाच्या डोळ्यात पाणी येणार होतं, आईच्या माहेरचं गोएंकांचं घर होतं पण त्यांनी तर रूहीला वाढवलेलं. ताई, गप्प राहून सोसायचं असेल ना तरी पाठीमागे माहेर लागतं, माहेर नसलेली पोर गप्प बसली तर संपलीच. दादीसा तिला घरची मानायलाच तयार नाही, तिथे ती मान खाली घालून उभी राहिली असती तर मला राग आला असता. आणि वकील आहे ती. बोलणं हेच तिचं काम.

समृद्धी शुक्ला अभिराचं काम मनापासून करते असं मला वाटतं, खास करून भांडण झाल्यावरचा जो क्षण असतो, दार लावून आत आल्यावर ज्यात चेहरा उतरतो, तो तिला छान जमतो. अरमानचं म्हणाल तर त्याचा चेहरा मार्च २०२४ मध्ये बदलला, शहजादा धामीच्या जागी रोहित पुरोहित आला, त्याच वेळी रूही पण बदलली, आणि असं झालं की पंधरा-वीस दिवस तर माणूस परका वाटतोच, नैतिकचं २०१६ ला झालं होतं तेव्हा पण वाटलाच होता. रोहित पुरोहितने ते सावरलं.

आता तुमची बाजू. कारण तुम्ही उगाच चिडत नाही, तुम्हाला जे खुपतंय ते खरं आहे, फक्त तुम्ही त्याचं खापर पोरीच्या डोक्यावर फोडताय.

बघा, पहिल्या अक्षराची लेक नायरा आणि तिचा नवरा कार्तिक वेगळे झाले तेव्हा काय झालं, पाच वर्षांची झेप घेतली आणि त्यांचा कैरव गोव्यात आईजवळ वाढला, बापापासून लांब. मग नायराच्या लेकीचं, म्हणजे दुसऱ्या अक्षराचं, आणि तिचा नवरा अभिमन्यूचं बिनसलं, परत झेप, आणि त्यांचा अभीर कसौलीत वाढला, तिथेही बाप लांब. आणि आता अभिरा आणि अरमान, रूहीने त्यांच्यासाठी मूल पोटात वाढवलं, एवढं सगळं सोसून घरात लेक आली आणि काही दिवसांतच परत तेच, अरमान लेकीला घेऊन दूर, सात वर्षांची झेप, आई एकीकडे लेक एकीकडे. अभिरा आणि रूही या दोन बहिणींमधली ती तेढ पण तशीच, दुसऱ्या अक्षरात आणि तिची बहीण आरोहीत जे होतं तेच उचलून त्यांच्या लेकींमध्ये टाकलं. म्हणजे आईचं लुगडं लेकीला, लेकीचं नातीला, आणि दर वेळी म्हणायचं बघा नवीन आहे. मला पण याचा राग येतो. खूप येतो. वकील मुलगी आणली तर तिला कधी पूर्ण आठवडाभर एखादी बाहेरची केस लढू द्या की, शेतीच्या वाटणीची, पोटगीची, कोणत्या तरी बाईची. ती कोर्टात उभी राहते आणि प्रकरण निघतं घरातलंच. निवांत संसाराचे दिवस तर तिच्या वाट्याला आलेच नाहीत, पहिल्या अक्षराला ते भरपूर मिळाले होते, महिनोन्‌महिने नुसतं सणवार, जेवणं, रुसवे-फुगवे, आणि त्या दिवसांतच आपला जीव तिच्यावर बसला. अभिरावर तुमचा जीव बसायला वेळच दिलेला नाही लिहिणाऱ्यांनी. बाळ, अपघात, ताटातूट, परत लग्न, सगळं असं धावतंय की माणसाची ओळख होत नाही. या पिढीची ही खरी उणीव आहे आणि ती त्या पोरीची नाही.

आता मी जे सांगणार आहे ते जरा मन शांत ठेवून वाचा.

या मालिकेची वंशावळ तुम्ही कधी बोटांवर मोजलीत का? अक्षरा, अक्षराची लेक नायरा, नायराची लेक परत अक्षरा, तिची लेक अभिरा. चार पिढ्या आणि चारही लेकीच्या बाजूने. कानबाईला आपण रोटाचे गहू घेतो ते घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून घेतो, लेक मोजत नाही कारण ती जाणार. ही मालिका नेमकी उलटी, ती लेक मोजते आणि लेकीच्या मागे मागे सासरी जाते. म्हणून तर दर पिढीला घर बदलतं, माहेश्वरींकडून सिंघानियांकडे, तिथून गोएंकांकडे, मग बिर्ला, आता पोद्दार. आपण एका घरात रुळतो, तिथली आत्या, तिथला काका, तिथला जिना सुद्धा ओळखीचा होतो, आणि एक दिवस ते दार बंद होतं आणि आपल्याला नव्या घरात पाहुण्यासारखं नेऊन बसवतात. मनीष गोएंका तेवढे राहिले जुन्या ओळखीचे, सचिन त्यागी पडद्यावर आले की मला अजून बरं वाटतं, गावाकडचं माणूस बाजारात भेटावं तसं. तर तुम्हाला जे होतंय ते आंडेरीला, म्हणजे लेकीला, सासरी घालवल्यावर होतं तसं आहे. पहिल्या वेळी झालं, दुसऱ्या वेळी झालं, चौथ्या वेळीही होणार.

पण यात अजून एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तुमचं दुखणं तिथे आहे. ही मालिका दर वेळी परत नव्या नवरीपासून सुरू होते. नायिका म्हातारी होत नाही, ती जाते आणि तिची लेक नवरी होऊन उभी राहते. आणि तुम्ही? २००९ ला तुम्ही एकेचाळीस-बेचाळीसच्या होता, सून होता, शेजारी सासूबाई बसलेल्या. अक्षरा मान खाली घालून सोसायची तेव्हा तुम्ही तिच्या जागेवर बसून बघत होता, ती तुमचीच गोष्ट होती. आज टीव्ही तोच, वेळ तीच, मालिकेचं नाव तेच, पण तुम्ही सासूबाईंच्या जागेवर बसलाय आणि तुमच्या जुन्या जागेवर सून बसलीय. गोष्ट अजून सुनेच्या बाजूनेच सांगतात. मग दादीसा चुकीची ठरली की तुम्हाला टोचतं, कारण आता त्या बाजूला तुम्ही आहात, आणि तुमची बाजू सांगणारं त्या अर्ध्या तासात कोणीच नाही. तुम्ही विचारलंत मी म्हातारी झाली का. नाही हो. तुमची जागा बदलली, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही.

मला हे कळलं ते नायरा गेली तेव्हा. जानेवारी २०२१, ती कड्यावरून पडली तो भाग बघून मी टीव्ही बंद केला आणि पुढचे कित्येक महिने लावलाच नाही, नायराचं काम करणारी शिवांगी जोशीच परत सीरत म्हणून बॉक्सिंग करायला आली तरी नाही लावला. माझी लेक म्हणायची अगं बघ, मी म्हणायची मला नाही जमत. मग एकदा तिने रागावून विचारलं, आई, तुला नायरा हवीय की तुला तुझं ते वय हवंय? मी रात्रभर त्यावर पडून राहिले. तुम्हाला हाच प्रश्न मी विचारणार नाही, कारण तुमचं उत्तर मला तुमच्या पत्रातच दिसतंय. तुम्हाला वय नकोय. तुम्हाला सासूबाई हव्यात.

त्याच २०२१ मध्ये बघा, जानेवारीत नायरा, उन्हाळ्यात तुमच्या सासूबाई, ऑक्टोबरमध्ये कार्तिक पण गेला आणि मोहसीन खान मालिकेतून बाहेर. एका वर्षात टीव्हीतलं घर पण रिकामं आणि टीव्हीसमोरची जागा पण रिकामी. बारा वर्षं तुम्ही एका बाईला दुसऱ्या भाषेतली गोष्ट तिच्या भाषेत सांगत होता, रोज रात्री, न कंटाळता. दिवसभर तुमचं बोलणं नव्हतं असं तुम्ही लिहिलंय, पण मग ते काय होतं? नायरा घरातून पळून ऋषिकेशला राहिली होती ते तुम्ही त्यांना अहिराणीत कसं सांगितलं असेल, त्यावर त्या काय म्हणाल्या असतील, आपल्या भाऊबंदांतली कोणाची आंडेर आठवली असेल त्यांना, हे सगळं मला वाचता वाचता दिसत होतं. तुमच्या दोघींचा संसार त्या अर्ध्या तासात झाला. आता अभिरा कितीही चांगली असली तरी तिच्याबद्दल शेजारून काय म्हनी ऱ्हायनी व ती असं विचारणारं कोणी नाही, आणि ज्या गोष्टीत सांगायला माणूस नाही ती गोष्ट फिकीच लागणार.

आता कानबाईचं. इथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही.

पुरणाबाबत सून बरोबर होती. तुम्हाला हे माहितीय, तुम्ही तीस-पस्तीस वर्षं खापरावर मांडे टाकताय. पुरण कोरडं झालं की हातावर मांडा मोठा करताना तो तडकतो, आणि तिथे भावकीचं जेवण खोळंबलेलं. ती उलट बोलली नाही, ती कामाचं बोलली. दोन वर्षांची सून, एवढ्या बायकांमध्ये, अंदाजाने का होईना बरोबर बोलली, खरं तर तेव्हा तुम्हाला छाती फुगवून सांगता आलं असतं की बघा, आमची सून शिकली. त्याऐवजी तिला मालिकेतलं नाव चिकटवलं आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्याचं तिला जास्त लागलंय असं मला वाटतं. आता पुढच्या प्रत्येक लग्नात, बारशात कोणी तरी म्हणणार, काय ग अभिरा. आपल्याकडे असं नाव पडलं की निघत नाही, तुम्हाला पण माहितीय आणि तिला पण.

आणि तुमच्या सुनेला अभिरा का आवडते हे तुम्ही तिला कधी विचारलंत? मी विचारलं नाही म्हणून मला नक्की माहीत नाही, पण बघा, ती त्याच दिवसांत तुमच्या घरात आली ज्या दिवसांत अभिरा पोद्दारांकडे आली. दोघी नव्या, दोघींना घरातलं काहीच माहीत नाही. तुमच्यासाठी ती चौथी पिढी आहे, तिच्यासाठी ती पहिलीच. जशी तुमची अक्षरा होती. ती म्हणाली तुमची अक्षरा सोसायची, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तिने अक्षराचे ते निवांत दिवस बघितलेच नाहीत, ती तेव्हा दहा-बारा वर्षांची शाळकरी पोर असेल. तिला अक्षरा म्हणजे मोबाइलवर कोणीतरी टाकलेले रडण्याचे तुकडे.

तर करायचं काय ते सांगते.

माफी मागा. नुसतं घरात नाही, कारण बोललात चारचौघींत. ज्या जावा-नणंदा हसल्या त्यातली एखादी पुढच्या आठवड्यात येईलच, नाही तर फोन असतोच, सूनबाईला ऐकू येईल असं सांगा की त्या दिवशी पुरणाचं ती बरोबर बोलली होती, मीच उगाच बोलले. एवढंच वाक्य पुरे. त्यावर आणखी लांबण लावू नका, आणि तिच्याकडून लगेच हसून काही येईल अशी वाटही बघू नका. दोन महिने लागले तर लागू दे. आणि यापुढे घरात मालिकेतलं नाव कोणाला द्यायचं नाही, चांगलं म्हणून सुद्धा नाही.

बघणं सोडू नका. सोडलंत तर तुमच्या हातात राग उरेल आणि घरात रात्रीची ती वेळ रिकामी उरेल. पण जबरदस्तीने अभिरावर प्रेमही करायचं नाहीये. जुने भाग ॲपवर सापडतात, दुपारी जेवणं आटोपली, भांडी झाली की अक्षरा-नैतिकचे लावा, मोबाइलवर लावून द्यायला मुलाला सांगा, त्यातला एखादा सणाचा भाग निघाला आणि सूनबाई मोकळी असली तर म्हणा ये ग, ही माझी अक्षरा, ही नुसती सोसणारी नव्हती, बघ तरी. आली तर आली. नाही आली तर तुम्ही बघा.

आणि एक, तुमची बाजू सांगणारं टीव्हीवर कोणी नाही असं मी मघाशी म्हटलं, ते अगदीच तसं नाही. क्योंकि सास भी कभी बहू थी परत आलीय, २९ जुलै २०२५ ला, नेमकी नागपंचमीच्या दिवशी सुरू झाली, रात्री साडेदहाला लागते. तुळशी आता तुमच्या-माझ्या वयाची आहे, पोरं मोठी झालीत, परी, अंगद, ऋतिक, ती त्यांच्याशी भांडते, चुकते, एकटी पडते, आणि तरी गोष्ट तिचीच आहे. स्मृती इराणींनी २००० साली केलेली तीच तुळशी, तीच बाई. तिथे नवी पिढी आईला ढकलून पुढे येत नाही, आईच्या शेजारी उभी राहते. मला ती बघताना फार बरं वाटतं, आपल्या वयाच्या बाईच्या मनात काय चाललंय ते कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. तुम्ही जागरण करू शकत असाल तर बघा. आवडली नाही तर तसं कळवा, मला ऐकायचंय.

राहिला तो डबा.

तो फळीवरून खाली घ्या. वाती लावा असं मी म्हणत नाही, तुम्हाला वाटलं तरच लावा, नाही तर तशाच राहू द्या. पण थोडा नवा कापूस आणा, सरकी काढलेला, आणि संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी तो डबा घेऊन बसा. सूनबाई विचारेल, हे काय. तेव्हा सांगा तिला सासूबाईंचं, जे मला चार पानात लिहिलंत ते तिला एका पानात तरी सांगा, की आम्ही दोघी अशा बसायचो, त्यांना हिंदी येत नव्हतं, मी सांगायची. मला वाटतं तिला हे माहीतच नाही. तिला वाटतंय सासूला एक मालिका आवडत नाही. तिला कसं कळणार तुमचं काय गेलंय ते.

आणि माफीचं वाक्य बोलून झाल्यावर, चार-आठ दिवस जाऊ द्या मध्ये, एखाद्या रात्री साडेनऊला आतल्या खोलीचं दार उघडं असेल तर कापूस हातात घेऊन आत जा. मालिकेबद्दल मत नको, दादीसाचं नको, जुन्या अक्षराचं तर नकोच. पलंगाच्या कडेला बसा, ती कानातलं काढेल, नाही काढलं तरी बसा. पडद्यावर अभिरा काहीतरी बोलत असेल, ऐकू येणार नाही तुम्हाला. तिला विचारा, काय म्हनी ऱ्हायनी व ती?